बॅक्टअलर्ट प्लस ब्लड कल्चर बाटल्या: कॅन्सर वॉर्डात वापरताना

केमोनंतर न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) मायक्रोलिटरला 500 च्या खाली गेलेल्या रुग्णाला ताप चढला (एकदाच 38.3 अंश सेल्सिअस, किंवा तासभर टिकून 38.0) की तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायलाच हवे. कल्चरचे (रक्तातले जंतू बाटलीत वाढवून ओळखण्याच्या तपासणीचे) रक्त त्याआधी घ्यायचे. बायोमेरिओ कंपनीच्या बॅक्टअलर्ट प्लसची जोडी, हिरव्या टोपणाची एफए (प्राणवायूत वाढणाऱ्या जंतूंसाठी) आणि केशरी टोपणाची एफएन (प्राणवायू न सोसणाऱ्या जंतूंसाठी), या कामाला उत्तम आहे. तळाशी निळसर-हिरवा सेन्सर असतो. जंतू वाढून कार्बन डायऑक्साइड निघाला की तो पिवळा पडतो आणि यंत्र इशारा देते.

आतले मणी रक्तातले अँटिबायोटिक शोषतात. व्हँकोमायसिनचा अडसर त्यामुळे जातो, सेफेपाइमचा मात्र पुरता जात नाही. मण्यांच्या भरवशावर डोसनंतर रक्त काढू नका.

खर्च वाचवायला केशरी बाटली वगळू नये, ही कळकळीची विनंती. क्लॉस्ट्रिडियम सेप्टिकम हा जंतू क्वचित सापडतो. पण ल्युकेमियात (रक्ताच्या कॅन्सरमध्ये) केमोने आतडे सुजले असेल किंवा मोठ्या आतड्याचा कॅन्सर असेल, तर तो काही तासांत जीव घेऊ शकतो. प्राणवायू त्याला सोसत नाही, त्यामुळे हिरव्या बाटलीवर विसंबून तो हाती लागणार नाही.

चुका होतात त्या भरताना. रबर 70 टक्के अल्कोहोलने पुसून वाळू द्या. बटरफ्लाय सुई (बारीक नळी जोडलेली) असेल तर हिरवी आधी, कारण नळीतली हवा पहिल्या बाटलीत जाते. प्रत्येकीत 8 ते 10 मिली. रक्तात अनेकदा मिलीला एकाहूनही कमी जंतू असतात, 3 मिलीत ते निसटू शकतात. बाटलीतली निर्वात पोकळी 10 मिलीहून जास्तही ओढते, म्हणून पातळीची खूण आधीच पेनने करा. ल्युकेमियात पांढऱ्या पेशी भरमसाट असताना जादा रक्त गेले, तर त्या पेशींच्याच कार्बन डायऑक्साइडने खोटा इशारा वाजतो.

एक जोडी सेंट्रल लाइनमधून (मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीतून), एक हातातल्या शिरेतून. एकाच वेळी, सारखेच रक्त, लेबलवर जागा लिहून. लाइनच्या बाटलीचा इशारा हातातल्या बाटलीच्या 2 तास किंवा अधिक आधी वाजला, तर संशय लाइनवरच. दोन्ही जोड्यांत ‘डिफ्थेरॉइड’ (एरवी त्वचेवर राहणारे जंतू) आले तर त्वचेवरची घाण म्हणून सोडू नका. तो कोरिनेबॅक्टेरियम जेकियम असू शकतो, आणि बहुतेक नेहमीची अँटिबायोटिके त्याच्यावर चालत नाहीत, व्हँकोमायसिन चालते.

नोकार्डिया या सावकाश वाढणाऱ्या जंतूला बाटली यंत्रात ठेवण्याचे नेहमीचे 5 दिवस अपुरे पडू शकतात. फुफ्फुसात गाठी दिसत असतील तर फॉर्मवर ‘नोकार्डिया?’ लिहा आणि बाटली 2 ते 3 आठवडे ठेवायला लॅबला सांगा.