आखेनमधलं डॉइचलांड सेमिस्टर तिकीट: पहिल्या महिन्यात खरंच कामाला येतं का?

जर्मनीला निघताना सगळे सांगतात कुकर घे, गोडा मसाला घे, थर्मल घे. ते घ्याच. पण आखेनला उतरल्यावर पहिल्या महिन्यात मला सगळ्यात जास्त आधार कशाचा झाला असेल तर या तिकिटाचा, म्हणजे जर्मनीभरच्या बस आणि लोकल-रिजनल गाड्यांना चालणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पासाचा. आपल्याकडची बरीच मुलंमुली दर वर्षी इथे मास्टर्सला येतात आणि तिकिटाबद्दल तेच तेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

तर हे तिकीट वेगळं विकत घ्यावं लागत नाही, युनिव्हर्सिटीची सेमिस्टर फी भरली की त्यातच येतं. सगळ्या विद्यार्थ्यांनी भरायचं हा नियम आहे आणि म्हणूनच ते स्वस्त पडतं. मूळ तिकीट, म्हणजे सगळ्यांसाठीचं साधं डॉइचलांडटिकेट, मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं, २०२५ ला ५८ झालं आणि जानेवारी २०२६ पासून ६३. विद्यार्थ्यांना याच्या ६० टक्के लागतात, म्हणजे ६३ धरले तर महिन्याला ३७.८० आणि सहा महिन्यांचे २२६.८०. फी भरताना हा आकडा एकदम मोठा वाटतो कारण तेव्हा आपण प्रत्येक गोष्ट रुपयात मोजत असतो आणि ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेलं खातं) महिन्याला मिळणार ९९२ युरो, त्यातच भाडं, इन्शुरन्स, जेवण सगळं. पण इथे आल्यावर प्रत्येक प्रवासाची सुट्टी तिकिटं काढून फिरायची वेळ आली की लगेच कळतं हे किती स्वस्त आहे ते.

कारण सुरुवातीचे दिवस नुसते पळापळीचे असतात. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, तो आणायला एकीकडे जा, मग ऑफिसात जा, मग बँक, मग इन्शुरन्स, मग कुणीतरी सेकंडहँड गादी विकतंय तिकडे जा. आखेनमध्ये ट्राम नाही मेट्रो नाही, सगळा कारभार बसवर, आणि बसला हे तिकीट चालतंच. बुसहोफ म्हणजे आपला मेन बस स्टँड आणि एलिझेनब्रुनेन हे दोन स्टॉप पहिल्याच दिवशी पाठ करून टाका, बहुतेक बस तिथून मिळतात.

रूम शोधताना तर याचा फायदा खूपच मोठा आहे, आणि माझ्या मते हे तिकीट चांगलं म्हणायचं सगळ्यात मोठं कारण हेच. ऑक्टोबरमध्ये आखेन शहरात रूम मिळणं महाकठीण, एकेका जाहिरातीला ढीगभर मेसेज जातात. पण तिकीट हातात असलं की शोध शहरापुरता राहत नाही. श्टोलबेर्ग, एशवायलर, हेर्झोगेनराथ ही गावं लोकल गाडीने जोडलेली आहेत, ड्युरेन तर आरई १ या रिजनल एक्सप्रेस गाडीच्याच मार्गावर आहे. तिकडे राहिलं तरी येण्याजाण्याचा खर्च शून्य! नव्या मुलांनी पहिल्याच दिवसापासून तिकडच्या रूमनासुद्धा मेसेज टाकावेत, आखेनच पाहिजे म्हणून अडून बसलं की रोजच्या भाड्याच्या हॉस्टेलमध्ये पैसे जात राहतात.

आरई १ बद्दल एक बारीक गोष्ट, मोठ्या बॅगा असतील तर हे वाचाच. या गाडीचे मधले डबे डबल डेकर असतात, दारातून आत शिरलं की पायऱ्या, २३ किलोची बॅग घेऊन वर चढा नाहीतर खाली उतरा. टोकाचे डबे मात्र एकमजली, बॅगा सरळ ढकलत न्यायच्या. म्हणून प्लॅटफॉर्मवर मध्ये उभं न राहता टोकाला जाऊन थांबायचं. हीच गाडी ड्युसेलडॉर्फ एअरपोर्टच्या स्टेशनवरही थांबते, त्यामुळे तिथे उतरलात तर गाडी न बदलता थेट आखेन. फ्रँकफुर्टला उतरणाऱ्यांनी पहिल्या दिवशी तरी या तिकिटावर यायचा विचार करू नका. आयसीई, आयसी या फास्ट गाड्यांना ते चालत नाही, रिजनल गाड्या बदलत बदलत यायला अर्धा दिवस जातो आणि सोबत सगळं सामान. त्या दिवशी आयसीईचं तिकीट काढा आणि शांतपणे या.

चेकिंग होतं, आणि कधीही होतं. माझ्या शेजारी बसलेल्या मुलीला चेकरने विचारलं, तिने ॲप उघडून बारकोड दाखवला, त्याने मशीन लावलं आणि लगेच हात पुढे केला, आयडी. तिकिटावर नाव असतं म्हणून पासपोर्ट किंवा रेसिडेन्स कार्ड जवळ ठेवायचंच, आणि फोन चार्ज करून. विनातिकीट सापडलं तर ६० युरो दंड आहे.

रविवारी इथे दुकानं बंद असतात हे नवीन माणसाला माहीत असतं पण अंगवळणी पडलेलं नसतं. घरात दूध ब्रेड काही नाही अशी वेळ आली तर कोलोनच्या मेन स्टेशनमधली दुकानं उघडी असतात, साधारण तासाभराचा प्रवास आणि खिशातून जादा काही जात नाही. स्टेशनच्या दारातच ते १५७ मीटर उंच कॅथेड्रल. पहिल्या आठवड्यात घरची खूप आठवण येत होती तेव्हा मी असाच तिकडे गेलो, पायऱ्यांवर बसून आईला व्हिडिओ कॉल लावला आणि सगळा परिसर फिरवून दाखवला, तिलाही बरं वाटलं आणि मलाही.

आता खटकणाऱ्या गोष्टी. रिजनल गाड्या उशिरा येतात, कधी रद्द होतात, त्यामुळे अपॉइंटमेंट असेल तर एक गाडी आधीची पकडा. आणि मुख्य तक्रार म्हणजे विंटर सेमिस्टर १ ऑक्टोबरला सुरू होतं तेव्हापासूनच हे तिकीट चालू होतं, पण रूम शोधायला म्हणून बरेच जण सप्टेंबरमध्येच येतात आणि नेमक्या त्याच पळापळीच्या दिवसांत ते नसतं. तेव्हा साधं डॉइचलांडटिकेट घ्यायचं, पण ते सबस्क्रिप्शन असतं आणि पेमेंटला बऱ्याच ठिकाणी युरोपातलं बँक खातं मागतात, जे आपल्याकडे तेव्हा नसतंच. नव्या विद्यार्थ्यांसाठी सप्टेंबर जोडून द्यायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. सप्टेंबरसाठी साधं तिकीट घेतलंत तर ते त्याच महिन्याच्या १० तारखेपर्यंत कॅन्सल करा, नाहीतर ऑक्टोबरचेही पैसे कापले जातात. १० तारखेनंतर येणार असाल तर आधी सुट्ट्या तिकिटांचा हिशोब करून बघा.