शाळेच्या गच्चीवरचा जलरोधक लेप: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

आमच्या शाळेच्या गच्चीच्या जुन्या कोब्यावर मे महिन्यात, तंतुजाळी घालून, पांढऱ्या लेपाचे दोन हात मारले. ऑगस्टमध्ये सातवी ‘ब’च्या छताला ओलीचा डाग पडला, तेव्हा शाळा समितीचा खजिनदार या नात्याने माझ्या मनात पहिला विचार आला तो वाया गेलेल्या पैशांचा.

तीन वेळा फोन केल्यावर कंपनीचा प्रतिनिधी आला. गच्चीवर रचलेल्या मोडक्या बाकांचे लोखंडी पाय लेपात रुतलेले पाहून त्याने फोटो काढले आणि हमी बाद झाल्याचे सांगितले. त्या रात्रीच मी हा अनुभव लिहायला बसलो असतो, तर एकही चांगला शब्द लिहिला नसता.

बाक हलवून, रुतलेल्या जागा भरून घेतल्यावर, उघडीप मिळताच पावसाळी पाइपाच्या तोंडाभोवती सिमेंटचा बांध घालून गच्चीवर २५ मिलिमीटर पाणी ४८ तास साठवून ठेवले. छत कोरडेच राहिले. बांध फोडून पाणी पाइपात सोडले, तेव्हा मात्र अर्ध्या तासात तोच डाग गडद झाला. म्हणजे लेप निर्दोष होता आणि पाणी पाइप व स्लॅबच्या सांध्यातून मुरत होते, कारण कारागिराने जाळी तोंडाच्या काठावरच कापली होती. ती दुमडून वीतभर पाइपाच्या आत उतरवायला हवी होती. लेपाच्या बादलीवर रंगछटांचे कौतुक भरपूर आहे, या दुमडीविषयी मात्र एक ओळही नाही, आणि हे मला अजूनही खटकते. त्यात आवारातील कडुनिंबाच्या निंबोळ्या जून-जुलैत पाइपाच्या सपाट झाकणावर बसून पाणी तुंबवतात. घुमटाकृती झाकण बसवल्यापासून तो त्रास बराच कमी झाला.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, म्हणून भर दुपारी लेप लावू देऊ नये. आमच्याकडे तसा लावलेल्या भागात बारीक छिद्रे राहिली आणि तेथे तिसरा हात मारावा लागला. वरच्या मजल्यावरचे वर्ग यंदा कमी तापले, हा अनपेक्षित लाभ. तळमजल्याच्या भिंतींना लागलेल्या लोणा या पांढऱ्या क्षारांवर मात्र या लेपाचा उपयोग नाही, कारण ते आणणारी ओल इमारतीच्या पायातून वर चढते; तिच्यावर रंग मारून आम्ही गेल्या वर्षी पोपडेच विकत घेतले.

बऱ्याच वादानंतर प्रतिनिधीने एक लिटरचा डबा फुकट दिला. पाइपाच्या तोंडाला त्यातला पाव डबा पुरला; उरलेला मी स्वच्छतागृहाच्या छतासाठी कुलपात ठेवला आहे.