‘टेन्शन’ हा शब्द वर्ज्य: व्यसनमुक्तीच्या वहीचा अकरा महिन्यांचा अनुभव

दारू सोडल्यावर समुपदेशकांनी माझ्या हाती एक छापील वही दिली, ती मी गेले अकरा महिने रोज लिहीत आहे. दिवसाला एक पान आणि पानावर पाच रकाने आहेत: वेळ, प्रसंग, शरीरात काय जाणवले, मनात काय होते आणि तलफ शून्य ते दहापैकी किती होती. वही हाती आली तेव्हा शाळकरी गृहपाठ मिळाल्यासारखे वाटले होते आणि पहिला महिना मी ती त्याच वृत्तीने, म्हणजे भेटीच्या आदल्या रात्री एकगठ्ठा भरून काढली, हे आधीच कबूल करतो.

त्या महिन्यात ‘मनात काय होते’ या रकान्यात जवळजवळ प्रत्येक दिवशी एकच शब्द होता: टेन्शन. समुपदेशकांनी पेन्सिलीने त्या सगळ्या शब्दांभोवती गोल काढले आणि पुढच्या भेटीपर्यंत हा शब्द वापरायचा नाही, एवढेच सांगितले. त्याने माझी जी पंचाईत झाली ती आजही आठवते. वरिष्ठांनी चारचौघांत चूक दाखवली, त्या दिवशी नेमके काय वाटले हे लिहिताना मी अर्धा तास पेन हातात धरून बसलो होतो. आधी ‘राग’ लिहिला, मग खोडला, कारण चूक माझीच होती. शेवटी ‘ओशाळलो’ असे लिहिले आणि तो शब्द चपखल बसला. त्यानंतर हळूहळू धास्ती, खंत, असूया, हुरहूर, घालमेल, नुसता कंटाळा, असे एकेक शब्द वहीत उतरत गेले. आपल्या भाषेत इतके शब्द तयार असताना मी वीस वर्षे एकावरच भागवत होतो.

शब्द बदलल्याने काय साधते, असे कोणी विचारील. धास्ती वाटत असेल तर ज्या गोष्टीची धास्ती आहे तिची चौकशी करून टाकता येते, ओशाळलेपण असेल तर चूक कबूल करून मोकळे होता येते, एकटेपणा असेल तर कोणाला तरी फोन करता येतो आणि कंटाळ्याला यांपैकी काहीच लागू पडत नाही, त्याला हातांना काम द्यावे लागते. टेन्शनला मात्र माझ्याकडे एकच उतारा होता. भावनेला नाव दिल्याने मेंदूतील अमिग्डला या भीतीसारख्या भावनांशी निगडित भागाची प्रतिक्रिया सौम्य होते, असे मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये मेंदूच्या प्रतिमांवरून दाखवले होते. ते मी नंतर वाचले, पण वहीमुळे पटायला वेळ लागला नाही.

शरीराचा रकाना मला सुरुवातीला निरर्थक वाटे. तिसऱ्या महिन्यात मागची पाने चाळताना लक्षात आले की मोठ्या आकड्यांच्या बहुतेक नोंदी संध्याकाळी साडेसहा ते आठच्या दरम्यानच्या होत्या, आणि त्यांतल्या कित्येकींसमोर ‘पोटात खड्डा’ किंवा ‘डोके जड’ असे माझ्याच अक्षरात लिहिलेले होते. दुपारचे जेवण टाळून मी संध्याकाळ गाठत होतो आणि भुकेला तलफ समजत होतो. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार गोष्टी आधी तपासाव्यात, हा व्यसनमुक्तीच्या गटांतला जुना पाठ मी ऐकून सोडून दिला होता.

रोजच्या पानांखेरीज वहीत असलेले तलफेच्या लाटेवरचे पानही उपयोगी आहे. तलफ चढते, टोकाला पोहोचते आणि तिला खतपाणी घातले नाही तर साधारण अर्ध्या तासात ओसरू लागते, म्हणून तिच्याशी झुंजण्यापेक्षा ती पाहत बसावे, ही अॅलन मार्लॅट या मानसशास्त्रज्ञांची कल्पना त्यात मांडली आहे. मी घड्याळ समोर ठेवून नोंदी केल्या. ती दर वेळी वेळेत ओसरली असे म्हणणार नाही, पण ती कायमची नसते हे स्वतःच्या अक्षरात लिहिलेले पाहिल्यावर धीर येतो.

जीवनकौशल्यांचा भाग मात्र उरकलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेची दहा कौशल्यांची यादी घेऊन प्रत्येकाला एक पान दिले आहे. सर्जनशील विचाराला आणि नकार देणे ज्यात येते त्या प्रभावी संवादाला सारखीच जागा देण्यामागचे तर्कशास्त्र मला कळले नाही. नकाराला दहा पाने हवी होती. ‘डॉक्टरांनी बंद केली आहे’ असे सांगितले की समोरचा ‘एकाने काय होते’ म्हणतो आणि वाद सुरू होतो; ‘मी घेत नाही’ एवढेच बोलून विषय बदलला तर बहुधा होत नाही. हे मला वहीने शिकवले नाही, आरशासमोर आणि गटात मोठ्याने म्हणून म्हणून शिकावे लागले.

सर्वांत मोठी तक्रार पानाच्या कोपऱ्यातल्या चौकटीबद्दल आहे. तिथे व्यसनमुक्तीचा कितवा दिवस तो आकडा लिहायचा असतो. पाचव्या महिन्यात मी एका संध्याकाळी प्यायलो आणि दुसऱ्या दिवशी त्या चौकटीत 1 लिहायची वेळ आली. ‘सगळे मुसळ केरात’ ही जी भावना तेव्हा दाटून येते, तीच माणसाला एका घसरणीवरून पूर्ण जुन्या वाटेवर नेते, असे मार्लॅट यांनीच सांगून ठेवले आहे. त्यांची लाट घेतली आणि हा इशारा मात्र गाळला, याचे नवल वाटते. मी चौकट तशीच रिकामी ठेवली आणि आदल्या संध्याकाळची नोंद भरली: साडेसात वाजले होते, भाऊ फोनवर तोडून बोलला, छातीत आवळल्यासारखे झाले, मनात अपमान होता. तलफेच्या रकान्यात दहा लिहिले.

वहीचे पहिले पान दारू सोडल्याच्या पहिल्या दिवसाचे आहे, हेही चुकीचे आहे. बऱ्याच वर्षांची रोजची दारू एकदम बंद केल्यास झटके (फिट) आणि उन्मादवात (थरथर, भ्रम आणि भास) यांचा धोका असतो आणि तो काळ डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढावा लागतो. माझी पहिली आठ पाने थरथरत्या हाताच्या रेघोट्यांनी भरलेली आहेत. झोपेची घडी तर कित्येक महिने बसत नाही, आणि त्यासाठी वहीत रकानाच नाही.

एक अडचण मला आधी सुचलीच नव्हती. सातव्या महिन्यात माझ्या पत्नीने वही वाचली आणि तिच्याविषयीच्या चार नोंदींवरून आठवडाभर आमचे बोलणे बंद होते. त्यानंतर तिने स्वतःची वेगळी वही आणली. ती काय लिहिते हे मी विचारत नाही.

छापील पाने पुढच्या महिन्यात संपतील. पुढे साधी कोरी वही घेऊन रकाने स्वतःच आखणार आहे. त्यात दिवसाच्या आकड्याची चौकट नसेल. ‘किती तास झोपलो’ आणि ‘दुपारी किती वाजता जेवलो’ हे दोन रकाने असतील.