काळ्या मातीत घर बांधताय? खोल फुटिंग घ्यायचं की अंडररीम पाईल

परभणी, नांदेड, अकोला, अमरावती, कुठंही काळ्या रानात प्लॉट घेतला की गुत्तेदार ठरलेलं बोलतो, "साधा ग्राउंड फ्लोअरच आहे ना, मग पाया पाच फूट बास." आहे नेमकं उलटं. काळ्या मातीत दुमजलीपेक्षा बैठ्या घराला जास्त त्रास होतो, कारण माती पावसात फुगून वर ढकलते आणि वर पुरेसं वजनच नसेल तर ती घर उचलणारच. उन्हाळ्यात तीच आकसते, हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात आणि घर परत खाली बसतं. हे वरखाली दरवर्षी चालू राहिलं की खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरप्या चिरा निघतात. त्यामुळं पाया किती खोल घ्यायचा हे फक्त घराच्या वजनावर ठरत नाही, माती कुठपर्यंत हलते त्यावर ठरतं, आणि आपल्याकडं हा हलणारा थर साधारण ३.५ मीटर, म्हणजे साडेअकरा फूट धरतात.

आधी प्लॉटवर जेसीबीनं दोन कोपऱ्यात खड्डे मारून मुरूम कुठं लागतो ते बघा. शेजाऱ्याला सात फुटावर लागला म्हणून तुम्हालाही लागेल असं नाही. माती किती फुगते याची टेस्ट तर अगदी साधी आहे, १० ग्रॅम चाळलेली माती एका नळीत पाण्यात आणि तेवढीच दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये, २४ तासांनी दोन्हींची उंची बघायची, कारण रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातली माती रॉकेलमधल्यापेक्षा ५० टक्क्यांहून जास्त वर गेली तर सावध.

मुरूम सात-आठ फुटाच्या आत लागत असेल तर डोळे झाकून मुरमावर फुटिंग, म्हणजे खांबाखालचा रुंद काँक्रीटचा पाया. मिस्त्रीला येतं, जेसीबी गावात असतो, आणि मुख्य म्हणजे खड्ड्यात उतरून तुम्ही स्वतः बघू शकता की खाली खरंच मुरूम आहे की नुसती पिवळी माती (पिवळी दिसते म्हणून फुगत नाही असं समजू नका). घोळ होतो तो भराव करताना. खोदलेली काळी मातीच परत आत ढकलतात, फुकट आहे ना, आणि दोन पावसाळ्यात टाइल्स वर येतात, मग दोष टाइलवाल्याला. भराव मुरमाचाच, २०-२२ सेंटीमीटरच्या थरात पाणी मारून धुम्मस करून. काहीजण फुटिंगच्या बाजूनं वाळू भरतात, ते तर अजिबात नको, काळ्या मातीतला वाळूचा खड्डा म्हणजे पाण्याची टाकी.

मुरूम बारा फुटाच्या खाली गेला की हिशोब फिरतो. एवढा खोल खड्डा सरळ उभा ठेवता येत नाही, बाजू ढासळतात, उतार द्यावा लागतो, खोदाई दुप्पट आणि भरावाचे ब्रास पण दुप्पट. इथं अंडररीम पाईल, म्हणजे जमिनीत भोक मारून ओतलेला, खाली फुगीर बल्ब असलेला काँक्रीटचा खांब. रुरकीच्या सीबीआरआय या सरकारी बांधकाम संशोधन संस्थेनं ही पद्धत आपल्याकडं रुजवली, आयएस २९११ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात सगळं दिलंय. साधारण ३०० मिमीचं भोक, खोल काळ्या मातीत किमान ३.५ मीटर, आणि खाली त्याच्या अडीच पट रुंद बल्ब कापायचा. वरची माती पाईलला धरून वर ओढते तेव्हा हा बल्ब खाली अडकवून ठेवतो, म्हणून सळई पूर्ण लांबीला पाहिजे, वरच्या अर्ध्यातच सोडून चालत नाही. छोट्या घराची भोकं हातानं फिरवायच्या ऑगरनं (मातीत भोक पाडायच्या गिरमिटानं) पण होतात, मोठी मशीन लागतेच असं नाही.

अडचण अशी की इथलं काम डोळ्यांनी दिसत नाही. बल्ब खरंच पूर्ण कापला का, तळ साफ केला का, हे त्या वेळी साइटवर उभं राहूनच कळतं, आणि भोक ज्या दिवशी मारलं त्याच दिवशी काँक्रीट झालं पाहिजे. भोकात पाणी येत असेल तर अनुभवी माणसाशिवाय हात घालू नका. दुसरं म्हणजे प्लिंथ बीमच्या (पाईलवर टेकलेल्या, भिंती पेलणाऱ्या बीमच्या) खाली निदान ८० मिमी मोकळी जागा सोडायची असते, ती मिस्त्रीला पटतच नाही, तो दगड-मुरूम ठोकून भरून टाकतो, आणि मग फुगलेली माती सरळ बीमला ढकलते, म्हणजे पाईलचा सगळा खर्च वाया. आणि हो, पाईल घेतले तरी खोलीतली फरशी मातीवरच असते! ती वेगळी सांभाळायची, वरची माती काढून मुरूम भरा नाहीतर खाली पोकळी ठेवून स्लॅब टाका.

राफ्ट, म्हणजे सगळ्या घराखाली एकच सलग काँक्रीटचा पाया, बैठ्या घराला मी सुचवणार नाही. पातळ केला तर तो मातीबरोबर वाकतो, खाली बीमसारख्या रिब देऊन कडक केला तर स्टीलचं बिल बघून घाम फुटतो. मग आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टींची सीएनएस पद्धत, म्हणजे न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा मीटरभर थर. कालव्यांच्या अस्तराखाली ती चांगली चालते, शेड-गोठ्याला पण घ्या, पण राहत्या घराला फक्त तेवढ्यावर भिस्त नको.

आठ ते बारा फुटाच्या मधे मुरूम लागला तर? दोन्हीची कोटेशन घ्या, फुटिंगच्या कोटेशनमध्ये भरावाचा मुरूम धरलाय का तेवढं बघा, बहुतेक वेळा धरलेला नसतो. पाईल आधी केलेला माणूस जवळपास मिळत नसेल तर मी थोडे पैसे जास्त घालून फुटिंगच घेईन. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात मात्र हा प्रश्नच येत नाही, पूर्णेचा गाळ इतका खोल आहे की मुरमाची वाट बघू नका, पाईलच, आणि खाऱ्या पाण्यामुळं सिमेंट कुठलं, सळईवर काँक्रीटचं कव्हर किती, हे डिझायनरकडून लिहून घ्या.

काहीही घेतलं तरी घराभोवती मीटर-दीड मीटर उताराचा पक्का पट्टा करा, शोषखड्डा आणि मोठी झाडं भिंतीपासून लांब ठेवा. कंपाउंडची भिंत तेवढी साध्या पायावर घेतली तरी चालेल, फक्त ठरावीक अंतरावर जोड सोडा, ती हलणारच आहे.