दोन वर्षं इथं रुळलेल्या झाडांना क्वारंटाइन कसलं?

झाडं मागवताना मी फसले, १३,२२९ रुपयांना. आधी ५,७५०, मग २,४८०, मग ४,९९९. तिन्ही वेळा पिन मीच टाकला. आकडे मुद्दाम लिहितेय, कारण घरात मी अजूनही पाच हजारच सांगितलेत.

झाडांच्या बाबतीत मी नवखी नाही, हे आधी सांगते. लातूरची आहे. एप्रिल २०१६ मध्ये आमच्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्या उन्हाळ्यात गच्चीवरचा मोगरा, गुलाब सगळं जळालं. राहिली कोरफड आणि एक अडेनियम. तेव्हापासून वाळवंटातलीच झाडं लावते. आपली काळी माती पाणी धरून बसते, मुळं कुजतात, म्हणून क्रशरवरची चुरी आणून चाळून, धुऊन भरते. अ‍ॅस्ट्रोफायटम नावाचे निवडुंग बियांपासून वाढवलेत. लिथॉप्स तेवढे जमेनात. मूळचं दक्षिण आफ्रिका-नामिबियातलं झाड; दोन जाड पानं, खड्यांत ठेवलं तर दिसतही नाही. बी खसखशीहून बारीक, आणि फूल बघायला तीन-चार वर्षं थांबायचं. मला वाढलेली रोपं हवी होती.

झाडांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोपं विकणारा एक माणूस भेटला. आधी त्याच्याकडून ३८० रुपयांचं हॉवर्थिया मागवलं, कोरफडीसारखंच पण छोटं झाड. चौथ्या दिवशी आलं, टवटवीत, मुळांना ओला कापूस गुंडाळलेला. तुम्हीही विश्वास ठेवला असता. मग बारा लिथॉप्स, ४५० ला एक, पॅकिंगचे ३५०. “ताई, माझ्याच पॉलिहाऊसमधली आहेत, दोन वर्षं इथं रुळलेली.” सोबत फोटो: पांढरी ताटली, एका रोपावर पिवळं फूल.

महिना मे होता. आपल्याकडं रुळलेलं लिथॉप्स पावसाळा सरल्यावर, थंडीच्या तोंडाशी फुलतं. मे महिन्यात फूल येतं ते तिकडं दक्षिण आफ्रिकेत, कारण तिकडं तेव्हा शरद. हे मला माहीत होतं! फोटो मोठा करून बघितला, आणि माझी मीच समजूत घातली की जुना असेल. पैसे पाठवताना नावही दुसऱ्याच कुणाचं आलं. “भाच्याचं खातं आहे ताई.”

दोन दिवसांनी फोन. माल अडकलाय, क्वारंटाइन क्लिअरन्सचे २,४८० भरा. इथंच मी थांबायला हवं होतं. त्याच्या पॉलिहाऊसमधल्या झाडांना क्वारंटाइन कसलं? ती तपासणी परदेशातून येणाऱ्या झाडांची असते. प्रश्न तोंडाशी आला होता, विचारला नाही. ५,७५० आधीच गेलेले, रोपं डब्यात गुदमरत असतील असं वाटलं. मग ४,९९९ परत मिळणारं डिपॉझिट. तेही भरलं.

खोकं आलं. आत शेराच्या चार कांड्या आणि पानफुटीची पानं. शेर इथं बांधावर फुकट मिळतो.

मग सुरू झाली खरी वणवण. बँकेत म्हणाले, पिन तुम्ही टाकलात, आम्ही काय करणार? अर्ज द्या. अर्ज दिला, तर पोलिसांचा कागद आणा. ठाण्यात पावणेदोन तास बाकावर बसवलं. नंतर साहेबांनी विचारलं, “झाडासाठी तेरा हजार?” आणि शेजारचा हसला. मी कोणत्या झाडासाठी किती द्यायचे हे त्यांनी ठरवायचं का? म्हणे खोकं मिळालं ना, मग फसवणूक कशी, हा दिवाणी मामला. शेराच्या कांड्या पिशवीतून काढून टेबलावर ठेवल्या, तर “मॅडम, चीक सांडेल, उचला.” दुसऱ्या दिवशी सायबरवाल्यांकडं धाडलं. तिथं कळलं, खातं दुसऱ्या जिल्ह्यातलं, तिकडं कळवू. ऑनलाइन तक्रारीचा पोचपावती क्रमांक आहे, दर सोमवारी बघते. ‘प्रलंबित’. मराठवाड्यातल्या बाईनं पदरचे पैसे मोडून पुण्या-मुंबईला चकरा माराव्यात काय? खातं कुणाचं, हे बँकेच्या यंत्रावर दिसतं. बघायची इच्छा नाही, एवढंच.

मी तिसऱ्या दिवशी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, तो उशीर झाला. तुम्ही पहिल्या तासात करा, व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा, म्हणजे पैसे पुढं सरकायच्या आत गोठवता येतात. रोपाशेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून व्हिडिओ मागा. टाळाटाळ झाली की विषय संपला. निळ्या लिथॉप्सचं बी म्हणून जे विकतात ते तर घेऊच नका, निळं लिथॉप्स नसतंच. खोकं उघडताना व्हिडिओ काढा. मी काढला नव्हता, ठाण्यात पहिला प्रश्न तोच आला. आणि पहिली छोटी ऑर्डर नीट आली म्हणून दुसरी मोठी देऊ नका. ते ३८० रुपयांचं हॉवर्थिया अजून खिडकीत आहे, त्याला बाजूनं पिल्लं फुटलीत.

त्यानं मला ब्लॉक केलंय. परवा जावेच्या फोनवर त्याचं स्टेटस बघितलं. तीच पांढरी ताटली, तेच पिवळं फूल, खाली ‘शेवटचे बारा नग’.