एका स्क्रीनवर हिशेब आणि मॅच: फायरफॉक्सच्या पिक्चर-इन-पिक्चरसोबत आठ महिने

माझं काम दुकानदारांचे हिशेब लिहिण्याचं. लॅपटॉप एकच, पंधरा इंची; दुसरा मॉनिटर आणायचा तर टेबलावरून प्रिंटरला हाकलावं लागेल. म्हणून फायरफॉक्स या ब्राउझरमधलं पिक्चर-इन-पिक्चर वापरायला घेतलं.

व्हिडिओवर माउस नेला की कडेला छोटं बटण येतं. ते दाबलं की व्हिडिओ वेगळ्या खिडकीत येतो आणि हिशेबाचं टॅली उघडा, एक्सेल उघडा, सगळ्यांच्या वर ठाण मांडून बसतो. विंडोजवर ही सोय डिसेंबर २०१९ मध्ये, ७१व्या आवृत्तीत आली. मी आपली उशिराच पोचले.

खिडकी ठेवायची कुठे, हे कळायला महिना गेला. आधी उजवीकडे खाली ठेवायचे. एक्सेलमध्ये आकडे सिलेक्ट केले की बेरीज नेमकी तिथेच, खालच्या पट्टीत दिसते. कसोटीच्या नादात एकदा ती न बघताच शीट पाठवली. संध्याकाळी दुकानातून फोन: "ताई, ४,८६० रुपये कुठे गेले?" चूक सर्वस्वी माझी. आता खिडकी वर, एक्सेलच्या रिबनवर, म्हणजे बटणांच्या पट्टीवर असते. तिथली बटणं मला तशीही लागत नाहीत, शॉर्टकट हातात बसलेत.

स्पेसबारची वेगळीच गंमत. खिडकी सरकवायला क्लिक केलं की कीबोर्ड तिच्या ताब्यात जातो. आपण खुशाल नरेशन, म्हणजे एंट्रीखालचा तपशील, टाइप करतोय आणि तिकडे बोलर रनअपमध्येच थिजलाय! पण जीएसटीचे शिकवणीचे व्हिडिओ बघताना हेच कामाला येतं: स्पेसने थांबवा, डाव्या बाणाने पाच सेकंद मागे जा, आपली एंट्री करा. मे २०२२ मधल्या १००व्या आवृत्तीपासून यूट्यूबची सबटायटल्सही या खिडकीत दिसतात. दुपारी सासूबाई झोपलेल्या असताना आवाज बंद करून माझं शिकणं चालू असतं.

फुलीने खिडकी बंद केली तर व्हिडिओ थांबतो. चालू ठेवून टॅबमध्ये परत न्यायचा तर त्यासाठीचं वेगळं बटण दाबायचं. आणि मूळ टॅब बंद केला की खेळ खलास.

मालिका बघायला मात्र हे नकोच. ना गोष्ट कळते, ना बँकेचा मेळ लागतो. क्रिकेट, बातम्या, शिकवण्या, एवढंच. २० तारखेला ३बी, म्हणजे जीएसटीचं विवरणपत्र, भरताना तेही बंद. स्कोअर धाकट्याला विचारते, आणि तो विकेट पडली तरच सांगतो.