स्वादुपिंडाच्या तीव्र दाहावरील उपचार : पुण्यातील एका रुग्णालयाचा अनुभव

बेंबीच्या वर सुरू होऊन थेट पाठीत जाणारी कळ आणि न थांबणाऱ्या उलट्या, अशा अवस्थेत सासूबाईंना आम्ही पुण्यातील एका मोठ्या खासगी रुग्णालयात दाखल केले. आपत्कालीन विभागाने वेळ न दवडता रक्तातील लायपेज हे स्वादुपिंडात तयार होणारे पाचक विकर तपासले, ते सामान्य मर्यादेच्या तिपटीहून बरेच अधिक निघाले, आणि सोनोग्राफीत पित्ताशयातील खडे दिसल्याने निदानाबरोबर कारणही हाती आले.

या रुग्णालयातील पोटविकार विभागाचे कौतुक करायचे ते मुख्यतः त्यांच्या संयमासाठी. भरपूर सलाईन, भारी अँटिबायोटिक आणि ताबडतोब सीटी स्कॅन म्हणजेच उत्तम उपचार, असा नातेवाइकांचा समज असतो. माझे दीर तर तशी मागणी घेऊनच राउंडच्या वेळी उभे राहिले. डॉक्टरांनी न चिडता सांगितले की, संसर्गाची चिन्हे नसताना अँटिबायोटिक देऊन उपयोग होत नाही आणि निदान स्पष्ट असताना पहिल्याच दिवशी केलेल्या सीटीत स्वादुपिंडाचा किती भाग निकामी झाला आहे हे नीट कळतही नाही. प्रकृती सुधारली नाही, तर तीन-चार दिवसांनी ती तपासणी करू.

सलाईनचेही तसेच. रिंगर लॅक्टेट हे क्षारयुक्त सलाईन वजनाच्या हिशेबाने, किलोमागे ताशी सुमारे दीड मिलिलिटर या वेगाने चालू होते. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वॉटरफॉल’ चाचणीत याच्या दुप्पट वेगाने द्रव दिलेल्या रुग्णांना अधिक लाभ झाला नाही. उलट शरीरात जादा पाणी साठलेल्या रुग्णांचे प्रमाण 6 टक्क्यांऐवजी 20 टक्के आढळले. अर्थात वेग बेताचा ठेवायचा, तर देखरेख चोख हवी, आणि ती येथे होती. रात्रपाळीच्या सिस्टर लघवीच्या पिशवीवरील आकडा टॉर्चच्या उजेडात खाली वाकून वाचत, तक्त्यात लिहीत आणि पाय सुजले आहेत का, धाप लागते का, हे पाहूनच पुढे जात. वेदनाशामक औषध मागावे लागले, असे एकदाही झाले नाही.

उलट्या थांबून भूक लागताच, दुसऱ्याच दिवशी, खाण्यास परवानगी मिळाली. स्वादुपिंडाला विश्रांती म्हणून रुग्णाला अनेक दिवस उपाशी ठेवण्याची जुनी पद्धत आता मागे पडली आहे, कारण आतड्याचे अस्तर शाबूत राहण्यासाठी पोटात अन्न जाणे हिताचे असते. मात्र कमी स्निग्धांशाचा आहार लिहिलेला असताना स्वयंपाकघरातून आला तो तुपाने थबथबलेला शिरा! आहारतज्ज्ञांची सही असलेली चिठ्ठी त्याच ताटाला चिकटवलेली होती.

खरी नाराजी बिलिंग विभागाविषयी आहे. खड्यांमुळे आलेला झटका सौम्य असेल, तर घरी सोडण्यापूर्वीच पित्ताशय काढणे श्रेयस्कर असते. नेदरलँड्समधील 2015 च्या ‘पोंचो’ चाचणीनंतर याबद्दल फारसे दुमत उरलेले नाही. शल्यविशारद तयार होते, परंतु कॅशलेसची दुसरी मंजुरी येईना, तेव्हा काउंटरवरून “आत्ता डिस्चार्ज घ्या, ऑपरेशनला महिन्याभराने या,” असा सल्ला मिळाला. मधल्या काळात पुन्हा झटका आला असता, तर त्याची जबाबदारी कोणाची होती? अखेर पोटविकारतज्ज्ञांनी विमा कंपनीला स्वतः पत्र लिहिल्यावर मंजुरी आली आणि दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया त्याच मुक्कामात पार पडली.

उपचारांना पाचपैकी पाच तारे, स्वयंपाकघर आणि काउंटर यांना मिळून दोन. येथे खड्यांचा रुग्ण दाखल करणाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या मंजुरीचा अर्ज पहिल्याच दिवशी भरून घ्यावा.